सिफाक्स: लाल ठिपक्याच्या रोगावरची बाटली आणि तिच्या आधी लागणारी चुन्याची गोणी

दिवाळी उरकली, पहाटेचं पाणी गार पडायला लागलं की मत्स्यऔषधांच्या दुकानात एक विचारणा हमखास येते: "मरळीला लाल फोड आलेत, सिफाक्स आहे का?" दुकानदार बाटली काढून देतो, घेणारा ती खिशात घालून तळ्यावर जातो आणि अंदाजाने झाकणं मोजून ओततो. मग कोणी म्हणतं रामबाण आहे, कोणी म्हणतं पैसे पाण्यात गेले. दोघांचंही औषध तेच असतं. फरक पडतो तो रोगाच्या कोणत्या टप्प्यावर ते टाकलं, किती टाकलं आणि पाण्याची अवस्था काय होती यात.

सिफाक्स हे भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंग इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचं, म्हणजे 'सिफा'चं. १९८८ साली ईशान्य भारतात माशांच्या अंगावर मोठमोठे व्रण पडून मरतूक सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत रोग देशभर पसरला. त्या काळात संस्थेने हे द्रावण विकसित केलं. रोगाचं पूर्ण नाव एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, बोलताना ईयूएस. जपानमध्ये तो १९७१ साली दिसला, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात. तिथे त्याला 'रेड स्पॉट' म्हणतात. तिथून आग्नेय आशिया, मग बांगलादेश आणि भारत, आणि २००६-०७च्या सुमारास थेट आफ्रिकेतल्या झांबेझी नदीपर्यंत त्याने मजल मारली. सिफाक्स बनलं ते या एका रोगासाठी. दुकानात मात्र ते 'माशांच्या जखमांवरचं औषध' म्हणून विकलं जातं आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

म्हणून बाटली घ्यायच्या आधी रोग तोच आहे का, हे बघायला हवं. ईयूएसचं मूळ अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स नावाच्या बुरशीसारख्या जीवात आहे. शास्त्राच्या हिशोबाने तो खरी बुरशी नाही, पाणबुरशीच्या गटातला आहे. त्याचे शेपटीवाले बीजाणू पाण्यात पोहत येतात, माशाच्या कातडीला चिकटतात आणि तंतू मांसात खोल उतरवतात. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसतो. मग तो रुपयाएवढा पसरतो, खवले उचलतात आणि गळतात, मध्ये लाल मांस आणि कडेला पांढुरकी किनार दिसते. शेवटी व्रण हाडापर्यंत जातो. मरळीची तर शेपूट झडते, कवटी उघडी पडते आणि तरी ती जिवंत असते. मासा खाणं सोडतो, डोकं वर काढून पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंगत राहतो, सावली पडली तरी बुडी मारत नाही.

मरळ आणि पुंटियस जातीचे बारीक जंगली मासे सगळ्यांत आधी लागतात. त्यामागोमाग मृगळ, कटला, रोहू. सिप्रीनस (कॉमन कार्प) आणि तिलापिया यांना हा रोग सहसा होत नाही. हा फरक ओळखण्यासाठी फार कामाचा आहे. तळ्यात सिप्रीनसला फोड आले आहेत आणि मृगळ ठणठणीत आहे, असं चित्र असेल तर ईयूएस नसण्याचीच शक्यता जास्त. मग माशांच्या अंगावरच्या उवा बघा, जाळ्याच्या ओरखड्यांतून शिरलेले जिवाणू बघा. सिफाक्सला हात लावू नका.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर दहा मिनिटांत बरंच कळतं. एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतलाही चालेल. व्रणाच्या मधली सडलेली लाळ घ्यायची नाही. तिथे शेवाळ, जिवाणू, सगळं जग जमलेलं असतं. व्रणाच्या कडेखालचं, अजून घट्ट असलेलं मांस ब्लेडने तांदळाच्या दाण्याएवढं काढायचं, दोन काचपट्ट्यांमध्ये एक थेंब पाणी घालून अंगठ्याने दाबून चपटं करायचं आणि १०० पट मोठं करून बघायचं. मांसाच्या धाग्यांमधून आडवे पडदे नसलेले, फाटे फुटलेले, १२ ते २५ मायक्रॉन जाडीचे तंतू गेलेले दिसले तर संशय पक्का. व्रण साधा जिवाणूंचा असेल तर हे तंतू खोल मांसात सापडत नाहीत.

आता मात्रा. ही एक ओळ नीट वाचली तरी अर्ध्या तक्रारी मिटतील. शिफारस आहे एक हेक्टर-मीटर पाण्याला एक लिटर. हेक्टर-मीटर म्हणजे एक हेक्टर क्षेत्रावर एक मीटर उभं पाणी, म्हणजे १०,००० घनमीटर. थोडक्यात १० घनमीटर पाण्याला एक मिलिलिटर. हेक्टर-मीटर हे माप धरणवाल्यांचं आहे. गुंठा आणि एकरात विचार करणाऱ्या माणसाला त्यातलं 'मीटर' दिसत नाही आणि तो फक्त क्षेत्रफळावर औषध टाकतो. एक एकराच्या तळ्यात सरासरी दीड मीटर पाणी असेल तर ते ६,००० घनमीटरच्या जवळपास, म्हणजे सिफाक्स ६०० मिली. त्याच तळ्यात पाणी मीटरभर असेल तर ४०० मिली पुरे, अडीच मीटर असेल तर लिटरभर लागेल. क्षेत्र एकच, मात्रा अडीचपट.

शेततळ्याचा हिशोब आणखी फसवा, कारण त्याच्या बाजू उतरत्या असतात. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं, उतार एकास एक, म्हणजे तळ २४ बाय २४. पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्र ९००, तळाचं ५७६, दोन्हींची सरासरी ७३८, गुणिले ३, म्हणजे २,२०० घनमीटरच्या आसपास. सिफाक्स २२० मिली. जानेवारीत तेच शेततळं दोन मीटरवर आलं असेल, तर पृष्ठभाग २८ बाय २८ उरतो आणि पाणी १,३६० घनमीटर. आता १३५ मिली. पण आपण कागदावरचे ३० × ३० × ३ गुणून २७० मिली टाकून मोकळे होतो, म्हणजे बरोबर दुप्पट. उलट गावतळ्यात नेमकं कमी पडतं. चार हेक्टरचं तळं, सरासरी खोली सव्वा मीटर. त्याला पाच लिटर हवं, आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या बैठकीत 'दोन बाटल्या आणू' असं ठरलेलं असतं. खोली अंदाजाने धरू नका. खुणा केलेला बांबू घ्या, तळ्यात आडव्या-उभ्या फेरीत निदान दहा ठिकाणी टेका आणि सरासरी काढा.

बायोफ्लॉक, म्हणजे पाण्यात जिवाणूंचे पुंजके वाढवून मासे पाळणाऱ्या, टाकीवाल्यांसाठी एक वेगळी ओळ. चार मीटर व्यासाच्या टाकीत एक मीटर पाणी म्हणजे साडेबारा घनमीटर. मात्रा होते सव्वा मिली. सव्वा मिली! एक झाकण ओतलं तरी कितीतरी पट जास्त. शिवाय फ्लॉक म्हणजे जिवाणूंचाच संसार, त्यात जंतुनाशक ओतून अमोनिया वर काढण्यात शहाणपणा नाही. टाकीत बहुतेक तिलापिया किंवा पंगस असतो. तिलापियाला हा रोग सहसा होत नाही आणि पंगसची दुखणी वेगळी. टाकीसाठी सिफाक्स विकत घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टाकण्याची पद्धत साधी आहे. सकाळी ऊन वर आल्यावर, तळ्यात येणारं-जाणारं पाणी बंद करून, मोजलेलं औषध प्लास्टिकच्या बादलीत शंभरपट पाण्यात मिसळायचं आणि फवारणी पंपाने किंवा तगारीतून मगाने सगळ्या तळ्यावर सारखं शिंपडायचं. मोठ्या तळ्यात डोंग्यातून फिरावंच लागतं. काठावर उभं राहून फेकलं तर काठचं पाणी कडक होतं आणि मधलं कोरडंच राहतं. पंप तणनाशकाचा नको. 'तीनदा धुतलाय' हे ऐकून मासे मेलेले आहेत. त्या दिवशी खाद्य नाही, आणि चुना, पोटॅशियम परमँगनेट, ब्लिचिंग पावडर यातलं काहीही त्याच दिवशी नाही. ढगाळ दिवशी किंवा पहाटे मासे तोंड वर काढत असतील तेव्हा तर मुळीच नाही. आधी पाणी खेळवा, मग औषध.

गुण काय येतो? लाल ठिपक्याच्या किंवा उथळ फोडाच्या टप्प्यावर टाकलं तर साधारण आठवड्याभरात नवे फोड यायचे थांबतात, जुन्यांची लाली उतरते, पुढे कातडी धरू लागते. फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे काढून मोजलं की खात्री पटते. टाकण्याआधी पंचवीसात नऊ फोडवाले होते, दहाव्या दिवशी पंचवीसात तीन, तेही सुकत चाललेले, अशी नोंद हाच पुरावा. 'मासे आता खेळतात' याला पुरावा म्हणत नाहीत. आठवड्याने काही फरक नसेल तर डोळे मिटून दुसरी मात्रा टाकण्याऐवजी निदान तपासा.

खोल व्रणाला मात्र गुण येत नाही, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. बाटलीतलं औषध पाण्यात असतं. तंतू माशाच्या मांसात, कधी आतड्या-यकृतापर्यंत. पाण्यातले बीजाणू आणि व्रणावर घर केलेले एरोमोनाससारखे जिवाणू या औषधाच्या टप्प्यात येतात, मांसातला तंतू येत नाही. रुपयाहून मोठा व्रण असलेला मासा बाहेर काढायचा आणि पुरायचा. तो तळ्यात ठेवून औषध टाकणं म्हणजे रोज नवे बीजाणू सोडणारा कारखाना चालू ठेवणं. मरतूक सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बाटली आणणं हे वरातीमागून घोडं आहे, आणि 'सिफाक्स चालत नाही' म्हणणाऱ्यांत अशांचीच संख्या मोठी.

आता चुन्याकडे वळू, कारण बाटलीच्या कितीतरी आधी ही गोणी घ्यावी लागते. ईयूएस वर्षभर उचल खात नाही. पाऊस पडून पाणी पातळ होतं, त्यातली क्षारता घटते, मग थंडीने पाणी १८ ते २२ अंशांवर येतं. या तापमानाला माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि अ‍ॅफॅनोमायसिसला मात्र ते मानवतं. म्हणून आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धोक्याचा. कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल जमिनीत आणि पावसाच्याच पाण्यावर भरलेल्या प्लास्टिकच्या शेततळ्यात क्षारता मुळातच कमी असते. प्लास्टिकमुळे पाण्याला माती लागत नाही, मग क्षार येणार कुठून? थेंब मोजायच्या साध्या कीटवर क्षारता ५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली दाखवत असेल, तर ऑक्टोबर संपायच्या आत चुना गेलाच पाहिजे.

प्रमाण गुंठ्याला दोन ते अडीच किलो, म्हणजे एकराला ८० ते १०० किलो. बांगलादेशातले मत्स्यपालक शतकाला, म्हणजे सुमारे चाळीस चौरस मीटरला, एक किलो चुना आणि एक किलो मीठ देतात. हिशोब जवळपास तोच पडतो. ३० बाय ३०च्या शेततळ्याला १८ ते २२ किलो. मातीच्या तळ्यात मासे नसताना कळीचा चुना उत्तम. मासे असताना तो आदल्या रात्री लोखंडी पिंपात विझवायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि निवळ-गाळ दोन्ही ढवळून सकाळी शिंपडायचा. प्लास्टिकच्या पिंपात विझवला तर उष्णतेने पिंप वाकडं होतं, आणि अर्धवट विझलेले खडे शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पडले तर कागदाचीही तीच गत.

कागदाच्या शेततळ्यात मासे सोडलेले असतील तर आम्ही कळीचा चुना सुचवणार नाही. शेतीची चुनखडी पावडर घ्या. ती सावकाश विरघळते, सामू (पीएच) फार वर नेत नाही आणि क्षारता मात्र देते. सामूची एवढी काळजी करायचं कारण अमोनिया. सामू ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियातला शेकडा एकहून कमी भाग विषारी रूपात असतो, ८ वर तो शेकडा पाचच्या घरात जातो आणि ९ वर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. खाद्य भरपूर, पाणी हिरवंगार, दुपारी सामू आधीच ८.५च्या पुढे, अशा तळ्यात कोणी एका झटक्यात कळीचा चुना ओतला तर दुसऱ्या दिवशी मासे मरतात आणि दोष रोगाला दिला जातो. सामू दुपारी मोजा. सकाळचा आकडा फसवतो.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. मीठ स्वस्त आणि भरवशाचं: बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायच्या आधी दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून दोन-तीन मिनिटं बुडवायची, कलंडायला लागली की लगेच काढायची. पोटॅशियम परमँगनेट तळ्यात २ ग्रॅम प्रति घनमीटर धरलं तर भरलेल्या शेततळ्याला साडेचार किलोच्या आसपास लागतं. गुलाबी रंग आठ-दहा तास टिकला तर काम झालं. दोन तासांत तपकिरी झाला, तर औषध शेवाळ-गाळाने खाल्लं, जंतूंपर्यंत पोचलंच नाही. आणि ते शेवाळ मारतं म्हणून रात्री प्राणवायू घसरतो, हे विसरू नका. ब्लिचिंग पावडर तळं रिकामं करून सुकवताना, जाळी आणि टोपल्या धुताना वापरा. मासे असताना तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

उवांचा, म्हणजे आर्ग्युलसचा, बंदोबस्त केल्याशिवाय ईयूएसवरचा खर्च अपुराच ठरतो. बशीसारखी चपटी, पारदर्शक, पाच-सात मिलिमीटरची ही ऊ परांच्या मुळाशी चिकटलेली सापडते. ती कातडीला भोक पाडते आणि बीजाणूंना दार उघडून मिळतं. तिच्यावरच्या कीटकनाशकी बाटल्या महाग असतात आणि अंड्यांवर चालत नाहीत. बिनपैशाचा उपाय जास्त टिकाऊ आहे. ऊ अंडी घालते कठीण पृष्ठभागावर. तळ्यात ठिकठिकाणी बांबू किंवा जुन्या लाद्या उभ्या करा, दर चार-पाच दिवसांनी वर काढा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि परत लावा. बांबूवर रांगेने चिकटलेली, खसखशीएवढी बारीक अंडी नुसत्या डोळ्यांना दिसतात. महिनाभर हे नेमाने केलं की माशांच्या अंगावरच्या उवा घटतात. फक्त बांबू वेळेवर काढला पाहिजे. विसरलात तर उवांसाठी प्रसूतिगृह बांधून दिल्यासारखं होतं.

प्रतिजैविकांबद्दल दुकानदाराशी वाद घालावाच लागेल. ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यातून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पण प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, अ‍ॅफॅनोमायसिसवर नाही, आणि ईयूएस झालेला मासा खाद्य खातच नाही, मग औषध जाणार कुठे? खातात ते निरोगी मासे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान खाण्याच्या माशांना देण्यावर बंदी आहे. मॅलॅकाइट ग्रीन पाणबुरशीवर चालतं हे खरं, पण त्याचे अंश मासळीत राहतात आणि खाण्याच्या माशांना ते निषिद्ध आहे. हिरव्या स्फटिकांची बिनलेबलची पुडी कोणी 'हे घ्या, सिफाक्सपेक्षा भारी' म्हणून पुढे केली तर ती परत करा.

सिफाक्स कुठे घेऊच नये हेही सांगायला हवं. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांची एक साखळी असते. वरच्याचा सांडवा खालच्यात, खालच्याचा आणखी खालच्यात. अशा एका तलावात औषध टाकून बाकीचे तसेच सोडले तर पुढच्या पाण्याबरोबर सगळं परत येतं. सिंचनासाठी पाणी चालू असताना टाकलेलं औषध शेतात जातं. जलाशयातल्या पिंजऱ्यांचं तर बोलायलाच नको, भोवतालचं पाणी मोजायचं कशात? तिथे पैसे वाचवा आणि जाळ्यांवर लक्ष द्या. एकच ओढजाळं आठवड्यात चार गावांच्या तलावांत फिरतं, ओलंच्या ओलं. दोन तलावांच्या मध्ये ते पूर्ण कोरडं होईपर्यंत उन्हात पसरलं, तर त्याचा उपयोग बाटलीपेक्षा जास्त आहे. तलावाच्या काठावर टाकलेला मेलेला मासा बगळा उचलतो आणि शेजारच्या शेततळ्यावर जाऊन बसतो. मेलेले मासे हातभर खोल खड्ड्यात, वर चुना घालून पुरा.

अलीकडच्या वर्षांत आलेल्या नव्या दुखण्यांवर सिफाक्सचा काडीचा उपयोग नाही, हे ठळक करायला हवं, कारण दुकानात ते त्यांच्यासाठीही दिलं जातं. तिलापिया लेक व्हायरस हा त्यातला सगळ्यांत चर्चेचा. इस्रायलमधल्या मरतुकीतून २०१४ साली तो ओळखला गेला. भारतात त्याची नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. मासा काळवंडतो, डोळे धूसर होतात, कातडीवर खरचटल्यासारखे डाग येतात आणि बोटुकली सोडल्यापासून पहिल्या महिन्याभरात तळंच्या तळं रिकामं होतं. कातडीवरचे डाग पाहून लोक ईयूएस समजतात. या विषाणूवर औषध नाही. 'व्हायरसवर शंभर टक्के' असं छापलेल्या ज्या बाटल्या फिरतात, त्यांच्यावर एक रुपयाही घालू नका. तो पैसा तपासणी झालेलं बीज घेण्यात घाला. पंगसच्या यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडावर पांढरे ठिपके दिसले तर तो एडवर्डसिएला जिवाणूचा आजार असू शकतो. तिथेही पाण्यात टाकायच्या बाटलीने आतले अवयव बरे होत नाहीत.

शंका असेल तर नमुना पाठवा. मेलेला, फुगलेला मासा प्रयोगशाळेला नको असतो. मरणपंथाला लागलेला जिवंत मासा हवा. ईयूएससाठी व्रणाची कड आणि तिच्याखालचं मांस, तिलापियाच्या विषाणूसाठी यकृत, मेंदू आणि प्लीहा. पीसीआरसाठी, म्हणजे रोगजंतूचा डीएनए-आरएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी, तुकडे हरभऱ्याएवढे, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, एका भागाला दहा भाग अल्कोहोल. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी वेगळ्या बाटलीत १० टक्के फॉर्मॅलिन. दोन्हींची सरमिसळ झाली की पीसीआरचा नमुना वाया जातो. अख्खा मासा द्यायचा तर बर्फावर. फ्रीजरमध्ये गोठवलात तर त्यातून अ‍ॅफॅनोमायसिस वाढवता येत नाही. बाटलीवर तारीख, जात, पाण्याचं तापमान आणि मरतूक कधी सुरू झाली ते पेन्सिलीने लिहा. अल्कोहोल सांडलं की पेनाची शाई पुसते. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीतल्या शिरगावची मत्स्य महाविद्यालयं, यांपैकी जवळ असेल तिथे आधी फोन करून मगच निघा. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तयार केलेलं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल अ‍ॅप जून २०२३मध्ये सुरू झालं आहे. फोटो आणि माहिती जिल्ह्याच्या मत्स्य अधिकाऱ्यापर्यंत आणि शास्त्रज्ञांपर्यंत पोचवण्यासाठी ते आहे. फोटो काढताना मासा ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि शेजारी नाणं ठेवा, म्हणजे व्रणाचा आकार कळतो.

मग घ्यावं की नाही? मरळ, मृगळ, कटला असलेलं, पाणी अडवून ठेवता येणारं तळं असेल तर घ्यावं. हिवाळ्याआधी आणून ठेवावं, टाकावं मात्र पहिला लाल ठिपका दिसल्यावरच. ३० बाय ३०च्या शेततळ्याला पाव लिटरही लागत नाही, तेव्हा तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक लिटर घेतलं तर परवडतं. सुटं करून पाण्याच्या किंवा कोल्डड्रिंकच्या बाटलीत मात्र भरू नका. घरात पोरं असतात. मोजायला दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज किंवा मेजरिंग सिलिंडर आधी घ्या, बाटली नंतर. बिल घ्या, लेबलवर बॅच आणि मुदत बघा, सील तपासा. आणि नाव नीट वाचा. सिफाच्याच घरातली 'सिफाक्युअर' शोभेच्या माशांसाठी आहे आणि 'सिफाब्रूड' हे तर प्रजननक्षम माशांचं खाद्य. गर्दीच्या दिवसांत काउंटरवर 'सिफाचं ते द्या' एवढंच म्हटलं, तर यातलं काहीही हातात पडू शकतं.